दंडाला बांधलेला हिरा

सिद्धेश्वरीला दुकानात सगळे सिद्धूताई म्हणत, पण तिच्याकडे दागिना मागायला कोणी येत नसे. गिऱ्हाईक यायचं ते तिच्या थोरल्या भावाकडे, प्रभुअण्णाकडे. तो काउंटरवर बसायचा, चहा मागवायचा, मुंबईहून आलेली चित्रांची जाडजूड पुस्तकं उलटून दाखवायचा, आणि गिऱ्हाइकानं एखाद्या चित्रावर बोट ठेवलं की मागच्या खोलीकडे तोंड करून "सिद्धू, हे बघ गं" असा पुकारा करायचा. मग तेच चित्र तिनं कॉम्प्युटरवर काढायचं, वजन थोडं कमीजास्त करायचं आणि कारागिराकडे धाडायचं. सतरा वर्षं हेच चाललं होतं. चाळिशी उलटली, लग्न राहून गेलं ते गेलंच, चष्म्याचा नंबर वाढला. सोलापूरच्या कितीतरी सुनांच्या बोटांत तिच्या हातच्या अंगठ्या गेल्या, पण त्यातली एकही तिची नव्हती. दुसऱ्यांची पोरं न्हाऊमाखू घालून परत पाठवावीत तसं ते काम.

म्हणून सांगोल्याच्या आबासाहेबांनी ते पुस्तक मिटून बाजूला सारलं आणि "ह्यातलं नगं, आमच्यासाटी नवं काडा" असं म्हटलं, तेव्हा मागच्या खोलीत तिच्या हातातली पेन्सिल थांबली. ती दारात येऊन उभी राहिली.

आबासाहेब डाळिंबाचे मोठे बागायतदार. एकुलता एक मुलगा उदयसिंह, त्याचं लग्न ठरलेलं. मुलगी ऋतुजा, श्रीपूरच्या साखर कारखान्यातल्या एका साध्या कारकुनाची लेक, सोलापुरात रक्तपेढीत कामाला. ती आबासाहेबांनीच हेरली होती. वर्षापूर्वी गावातल्या कुणासाठी रक्त न्यायला ते पेढीत गेले, तिथं ही मुलगी एका घाबरलेल्या रक्तदात्याशी बोलत बोलत त्याच्या नकळत सुई टोचताना त्यांनी पाहिली, आणि घरी येऊन जाहीर केलं की सून सापडली. घरात नाकं मुरडली गेली. बाकीच्यांनी ती लपवून मुरडली, आबासाहेबांच्या बहिणीनं, दगडाबाईनं, उघड. पण आबासाहेबांच्या शब्दापुढे जायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

आज ते सगळे दुकानात आले होते. आबासाहेब, त्यांच्या पत्नी सारजाबाई, दगडाबाई, उदयसिंह आणि ड्यूटीवरून परस्पर आलेली ऋतुजा. अंगठी करायची होती. तीन कॅरेटचा एकच हिरा, मधोमध.

"हिरा वर उचाललेला पायजे," दगडाबाई म्हणाल्या. "मांडवात मागच्या बाईला बी दिसला पायजे की."

ऋतुजा हळूच म्हणाली, "आत्या, मला दिवसभर हातमोजे घालावे लागतात. खडा वर आला तर मोजा फाटतो."

"मंजी लगीन झाल्यावर बी लोकांचं रगात काडीत बसनार व्हय?"

"बसू दे की," आबासाहेब हसले. "चार मानसं जगत्यात तिच्या हातानं."

हिरा उंच दिसायला हवा आणि उंच असायला नको, असा तो पेच होता. प्रभुअण्णा पुन्हा पुस्तकाकडे हात न्यायला लागला, तेवढ्यात सिद्धेश्वरीनं काउंटरवरचा पावतीचा कागद ओढला आणि उलट्या बाजूला चार रेघा मारल्या. डाळिंबाच्या टोकाला जो लहानसा मुकुट असतो ना, पाच-सहा टोकांचा, तो तिनं काढला. त्या मुकुटाच्या खोलगट पोटात हिरा बसवला. टोकं बाहेर फाकून पुन्हा आत वळवली आणि हिऱ्याच्या कडेवर टेकवली. लांबून पाहिलं तर फुलल्यासारखं मोठं दिसत होतं, आणि बोट फिरवलं तर कुठं अडत नव्हतं.

आबासाहेबांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. "ही तर आमच्या बागंतली हाय," ते म्हणाले. "कुनी काडली?"

प्रभुअण्णानं एक क्षण घेतला. "आमच्या बहिणीनं," तो म्हणाला.

सतरा वर्षांत पहिल्यांदा. सिद्धेश्वरीला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून ती पाणी आणायला आत गेली. दुकान बंद करताना अण्णाही मोकळेपणानं बोलला. ही अंगठी नीट झाली तर पुढच्या बाजूला तुझं वेगळं टेबल मांडू, ज्याला मनाजोगतं हवं त्यानं थेट तुझ्याशी बोलावं, असं म्हणाला. अण्णा वाईट नव्हता. त्याला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं इतकंच, आणि सिद्धेश्वरीनं सुचवलं नव्हतं. आता मात्र ते टेबल तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

हिरा मुंबईहून आला तसा दगडाबाईंचा फोन आला. "आदी लाभतोय का बगायचा."

हिरा सगळ्यांना लाभत नाही, असं आपल्याकडे शिकलेली माणसंसुद्धा मानतात. म्हणून दागिना घडवण्याआधी नुसता खडा घेऊन जायचा, जी घालणार तिच्या दंडाला पांढऱ्या कापडात बांधायचा आणि सात दिवस वाट पाहायची. तिच्या दोन्ही घरांत काही वाईट घडलं नाही तर हिरा लाभला. नाहीतर म्हैस आटली एवढ्यावरसुद्धा हिरा परत.

पण कोणता सराफ एवढा मोठा हिरा सात दिवस परक्याच्या दंडावर सोडेल? सिद्धेश्वरीच्या वडिलांनी, शिवशरणअप्पांनी, यावर तोड काढून ठेवली होती. फार पूर्वी त्यांनी असाच खरा हिरा दिला होता आणि परत आली होती ती काच. त्यानंतर दुकानाचा नेम झाला. पारखायला द्यायचा तो मापानं आणि चमकीनं तंतोतंत तसाच, पण अमेरिकन डायमंड, म्हणजे नकली खडा. खरा तिजोरीत. गिऱ्हाईक खूश, सराफ निर्धास्त. अप्पा हसून म्हणायचे, की तीस वर्षांत त्यांचा नकली हिरा जवळजवळ सगळ्यांना लाभला. अप्पा गेले, नेम राहिला. तो आता फक्त भावाबहिणीला ठाऊक होता.

शुक्रवारी दुकानातच सारजाबाईंनी तो खडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळला आणि लाल दोऱ्यानं ऋतुजाच्या उजव्या दंडाला बांधला. बांधताना त्यांचे ओठ पुटपुटत होते. दगडाबाई गाठ नीट बसली का ते बोटानं चाचपत होत्या.

ऋतुजा सिद्धेश्वरीच्या कानाशी आली. "ताई, मला झोप यायची नाही. हरवला तर?"

"हरवत नाही गं," सिद्धेश्वरी म्हणाली. खरं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पोरगी सात दिवस उगीच दंड धरून बसेल. पण नेम तो नेम.

मंगळवारी ऋतुजा एकटीच येऊन गेली. अंगठीचा मेणाचा नमुना तयार झाला होता. तिनं तो बोटात घातला, पर्समधून रबरी मोजा काढून वरून चढवला आणि मूठ दहादा उघडली-मिटली. मोजा फाटला नाही. ती लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली, आणि सिद्धेश्वरीही कधी नव्हे ती मोठ्यानं हसली. कागदाची रेघ बोटात जाऊन बसली की कसं वाटतं, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, डाळिंबाची प्रतवारी चालली होती त्या शेडमध्ये आबासाहेब बोलता बोलता थांबले. हातातलं डाळिंब सुटलं, तोंड वाकडं झालं आणि ते बसल्या जागी कलंडले. सोलापूरला दवाखान्यात आणेपर्यंत उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. जीव वाचला, एवढंच.

तीन आठवड्यांनी उदयसिंह दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं खिशातून ते पांढरं फडकं काढून काउंटरवर ठेवलं. लाल दोऱ्याची गाठ तशीच होती.

"आई म्हणते, हिरा लाभला नाही. अंगठी नको."

"आणि लग्न?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"लग्न ठरल्या तारखेलाच. दारापुढं, साधं. आबांची इच्छा होती ना. ऋतुजाला साधी सोन्याची अंगठी करून द्या म्हणाली आई."

प्रभुअण्णानं "बरोबर आहे, बरोबर आहे" अशी मान हलवली. आजारपणाची चौकशी केली, चहा पाजला, पोराला जिन्यापर्यंत पोचवलं. परत येऊन त्यानं फडकं सोडलं, नकली खडा डबीत टाकला आणि कामाला लागला. सिद्धेश्वरी मात्र मेणाच्या नमुन्याकडे बघत बसली. उन्हाळा सुरू झाला होता. पंख्याखाली ठेवलं नाही तर मेण मऊ पडणार होतं.

"अण्णा," ती म्हणाली, "पण हिरा त्यांच्याकडे गेलाच नव्हता की."

"मग?"

"मग हिऱ्याचा काय दोष? त्यांना सांगितलं तर अंगठी होईल."

प्रभुअण्णा रागावला की त्याच्या तोंडी घरातली कानडी यायची. "साकु!" तो म्हणाला. पुरे. "काय सांगणार? आम्ही तुम्हाला नकली खडा देऊन फसवलं? अप्पांच्या दुकानाचं नाव घालवायला निघालीस? त्या हिऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळेल. गप बस."

ती गप बसली, पण मनातून नाही. दुसरं गिऱ्हाईक पुस्तकावर बोट ठेवेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. टेबलाचा विषय अण्णानं पुन्हा काढला नव्हता. चार-पाच दिवस ती स्वतःशीच वाद घालत राहिली. एका निर्दोष हिऱ्यावर आळ आला आहे. एक चांगलं कुटुंब अंधश्रद्धेत पडलं आहे. ऋतुजाची हौस मारली गेली आहे. खरं सांगणं आपलं कर्तव्यच आहे. माणसाला स्वतःचं काम साधायचं असलं की खरं बोलायची अशी निकड लागते! तिच्या त्या सगळ्या कारणांत मेणाचा नमुना कुठंच नव्हता, आणि होता तो फक्त तोच.

अण्णा मुंबईला गेला त्या गुरुवारी तिनं मंगळवेढ्यावरून जाणारी सांगोल्याची एसटी पकडली. पर्समध्ये तिजोरीतला खरा हिरा, डबीतला नकली खडा आणि हिरा तपासायचं पेनासारखं यंत्र. ऊन असं होतं की खिडकीची दांडी धरवत नव्हती.

आबासाहेबांच्या घरी सोप्यात, पुढच्या ओसरीवर, कॉट टाकली होती. त्यावर ते उशांना टेकून पडले होते. सारजाबाई त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या, अर्धी आत जात होती, अर्धी हनुवटीवरून खाली. दगडाबाई उंबऱ्यापाशी धान्य निवडत बसल्या होत्या. आबासाहेबांनी सिद्धेश्वरीला ओळखलं. त्यांचा डावा हात थोडा उचलला गेला.

पाणी पिऊन झालं, चौकशी झाली. इथं कोणीही शहाण्या बाईनं सारजाबाईंना स्वयंपाकघरात गाठलं असतं. सिद्धेश्वरीला तेवढाही धीर नव्हता. तिनं सोप्यातच पर्स उघडली.

"मावशी, एक सांगायचं होतं. ऋतुजाच्या दंडाला बांधला तो हिरा नव्हता."

सारजाबाईंचा चमचा वाटीतच राहिला.

सिद्धेश्वरीनं सगळं सांगितलं. अप्पांचा नेम, नकली खडा, तिजोरी. हात जोडून माफी मागितली. मग पुरावा म्हणून नकली खडा तळहातावर घेऊन त्यावर यंत्राचं टोक टेकवलं. काही झालं नाही. खऱ्या हिऱ्यावर टेकवलं, तसं ते टी टी टी वाजलं. सोपाभर तो आवाज झाला.

"म्हणजे हिऱ्याचा काही संबंधच नाही," ती उत्साहानं म्हणाली. "तो तुमच्या घरात आज पहिल्यांदा येतोय. अंगठी करायला काही हरकत नाही, मावशी."

सारजाबाईंनी हळूच मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. दगडाबाईंनी सूप खाली ठेवलं होतं.

"मंजी हिरा नव्हताच म्हना की," दगडाबाई म्हणाल्या. "काच हुती."

"हो आत्या."

"काच काय कुनाचं वाईट करीत न्हाय."

"तेच तर म्हणते मी."

"मंग दादा कशानं पडला?" दगडाबाईंचा आवाज चढला नव्हता, शांत होता. "हिरा आला न्हाय घरात. नवीन आलं ते काय मंग? ती पोरगीच की. सारजा, म्या पयल्या दिसापासनं काय सांगत हुते? पायगुन बग, पायगुन बग. तू म्हनालीस, न्हाय वन्सं, त्यो हिरा वंगाळ. आता बोल."

आपण काय केलं ते सिद्धेश्वरीला एका क्षणात कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. "अहो आत्या, असं कसं? त्यांना रक्तदाबाचा त्रास असेल, डॉक्टरांना विचारा..." ती बोलत गेली. तिचं कोणी ऐकत नव्हतं. मघाशी यंत्र वाजलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं, तेवढं पुरे होतं.

कॉटवरून घशातून ओढून काढल्यासारखा आवाज आला. आबासाहेब डाव्या हाताची मूठ कॉटच्या लोखंडी कडेवर आपटत होते. त्यांना सगळं समजलं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडातून फक्त "आ... आ..." निघत होतं. ज्यानं एका शब्दात हे सगळं थांबवलं असतं, त्याच्याकडे तो एकच शब्द नव्हता.

"बगा," दगडाबाई म्हणाल्या, "नाव काडलं तरी कसा तरास हुतोय त्याला."

आठ दिवसांत मध्यस्थ श्रीपूरला जाऊन आला. लग्न मोडलं. कारण स्पष्ट सांगितलं गेलं नाही, पण ते सगळ्यांना कळलं. नकली खड्याची गोष्टही सांगोल्याहून सोलापुरात पोचली आणि अण्णानं बहिणीशी बोलणं टाकलं. तो आता "सिद्धू" अशी हाकही मारायचा नाही. काम असलं की कागद दाराच्या फटीतून आत सरकवायचा.

ऋतुजा आली ती एका दुपारी, दुकानात कोणी नसताना. थेट मागच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. सिद्धेश्वरीनं आठवडाभर मनात घोळवलेली सगळी वाक्यं तिला बघताच आटून गेली.

"ताई, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" ऋतुजा म्हणाली.

"नाही."

"हिऱ्यावर गेलं होतं सगळं. मला वाईट वाटत होतं आबांचं, पण माझ्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं. तुम्ही जाऊन तो हिराच काढून घेतलात."

"मला वाटलं, तुझी अंगठी..."

"माझी?"

सिद्धेश्वरीनं समोरचा मेणाचा नमुना हातानं झाकला.

ऋतुजानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "परवा पेढीत एक बाई आली होती रक्त द्यायला. सांगोल्याकडची. माझं नाव ऐकल्यावर म्हणाली, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, हिच्या हातची सुई नको. मी बाजूला झाले. काय करणार? उदयला फोन केला, तर तो म्हणतो आईपुढे मी काय बोलू. त्या घरात जायची माझी हौस तशी संपलीच आहे, ताई. पण हे माझ्या नावाला चिकटलं. उद्या दुसरं स्थळ आलं तरी तेही विचारणार, पहिला सासरा कशानं पडला."

"मी काय करू, सांग."

"परत जा. सांगा की तुमचीच चूक झाली. डब्यांची अदलाबदल झाली होती. माझ्या दंडाला होता तो खराच हिरा होता."

सिद्धेश्वरीला कळलं की ही काय मागते आहे. हे सांगितलं की तो हिरा पुन्हा अपशकुनी ठरणार. ती अंगठी कायमची संपणार. आधीच अब्रू गेलेल्या दुकानातली ती खोटारडीच नव्हे तर वेंधळीही ठरणार, आणि अण्णा तिला मागच्या खोलीतूनही उठवणार. महिन्यापूर्वी ती याला तयार झाली नसती. आता तिला तयार व्हायला पाण्याचा पेला संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी तिनं मेणाचा नमुना दोन बोटांत धरून चिमटला आणि केराच्या टोपलीत टाकला.

अण्णा अक्कलकोटला गेला त्या दिवशी तिनं तिजोरी उघडली आणि सांगोल्याची एसटी धरली. या वेळी ती शहाणपणानं वागली. दगडाबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आहेत हे बघूनच आत शिरली आणि सारजाबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. त्या चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. महिनाभरात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या.

सिद्धेश्वरीनं खरा हिरा त्याच पांढऱ्या फडक्यात बांधून आणला होता. तिनं गाठ सोडली, यंत्र टेकवलं. टी टी टी.

"मावशी, माझी चूक झाली. मागच्या वेळी मीच फसले. डब्या बदलल्या होत्या. ऋतुजाच्या दंडाला होता तो हाच. खरा हिरा. तो लाभला नाही. त्या पोरीचा काही दोष नाही."

वाक्यं पाठ केलेली होती, आणि तशीच ती आली. सारजाबाईंनी हिऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या सिद्धेश्वरीकडेच बघत होत्या.

"बाई, पयल्या डावाला आलासा तवा कुनासाटी आलावता?"

सिद्धेश्वरीनं यंत्र पर्समध्ये ठेवलं.

"तुमच्या अंगटीसाटी. व्हय का न्हाय?"

"हो."

"आन आज?"

"ऋतुजासाठी."

"मंग तवाचंच खरं," सारजाबाई म्हणाल्या. "तवा तुमी तुमच्याच दुकानाची लबाडी उगडी केली. सोताची अब्रू घालवून कुनी खोटं सांगंल का? म्हनून समद्यांनी मानलं. आज तुमी त्या पोरीला झाकाया आलासा. हे वन्संना कळनार न्हाय व्हय? त्या म्हनतील, पोरीनंच पाटवलं. मंजी अजून एक डाग तिच्यावर."

"पण तुम्ही तरी मानाल, मावशी?"

सारजाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. बाहेर सोप्यात कॉट करकरली. त्यांनी तिकडे कान दिला आणि आवाज उतरवला.

"माज्या मानन्याचं काय घिऊन बसलासा? मला काय हिऱ्याचं खरं वाटत हुतं? मालक चार वर्सं बीपीची गोळी चुकवत हुते, म्या डोळ्यांनी बगत हुते. पन वन्संच्या तोंडाला कायतरी द्याया पायजे हुतं. न्हायतर त्या पोरीचं नाव घेनार, हे मला मालक पडले त्याच दिशी कळलं. म्हनून म्याच उठून म्हनलं, हिरा लाभला न्हाय. दगडावर टाकलं की कुनाचं काय जात न्हाय. बसलं हुतं समदं झाकून. पोरगी घरात आली असती, मालकांनी तिला बगितलं असतं." त्यांनी पेजेची वाटी जवळ ओढली. "तुमी येऊन ते झाकान काडलं."

सिद्धेश्वरीच्या तळहातावर हिरा होता. खिडकीतून आलेल्या उन्हात तो असा काही पेटला होता की डोळे दिपावेत. तिनं मूठ मिटली.

"मावशी, माझं चुकलं."

"व्हय," सारजाबाई म्हणाल्या. "चुकलं."

मग त्यांनी पेजेची वाटी उचलली आणि त्या नवऱ्याला भरवायला बाहेर गेल्या.